मंदीनंतरचा मुसाफिर

हॉटेल या शब्दाची आपण मराठी माणसांनी गंमतच करून ठेवली आहे. ‘चला, हॉटेलात जाऊ’ असं कुणी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मिसळ, भजी आणि कटिंग चहा येतो. मुक्काम करायचा तर आपण हॉटेलात जात नाही, लॉजवर उतरतो. त्याच्या आधीच्या पिढ्या धर्मशाळेत उतरत. आमच्या घरात शब्द होता मुसाफिरखाना. शब्द बदलला की उतरणारा माणूसही बदलतो. आज मला त्या माणसाबद्दल बोलायचं आहे.

मंदी आली की शहरातल्या खोल्या रिकाम्या पडतात, हे कुणीही सांगेल. पण मंदी ओसरल्यावर त्या खोल्यांत कोण येतं? जो गेला तोच परत येतो, की दुसराच कुणी? मी अर्थशास्त्राचा माणूस नव्हे. बी.ए. झालो, कविता लिहितो आणि कवितेच्या निमित्ताने पुष्कळ लॉज पाहिले आहेत. पण मुंबईचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास चाळताना या प्रश्नाचं उत्तर पुन्हा पुन्हा एकच येताना दिसलं, म्हणून हे धाडस करतो आहे.

सुरुवात मुंबईच्या पहिल्या मोठ्या मंदीपासून करू. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. दक्षिणेकडच्या राज्यांची बंदरं उत्तरेच्या आरमाराने रोखून धरली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला. मग वऱ्हाड, खानदेश आणि गुजरातचा कापूस मुंबई बंदरातून सोन्याच्या भावाने जाऊ लागला. शहरात पैशाचा पूर आला. नवनव्या बँका निघाल्या, समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅकबे रेक्लमेशन कंपनीच्या पाच हजार रुपयांच्या शेअरचा भाव पन्नास हजारांपर्यंत चढला. गोविंद नारायण माडगांवकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली छापून आलं, ते नेमकं या भरभराटीच्या मध्यावर.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेत जनरल ली शरण आला आणि कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा मुंबईत वायद्यांचे व्यवहार चुकते करण्याचा दिवस होता. चुकते करायला पैसे कुणाकडेच नव्हते. ज्याच्या शब्दावर बाजार हलत असे त्या प्रेमचंद रायचंदांचंही दिवाळं निघालं. बँक ऑफ बॉम्बे पुढे गुंडाळावी लागली. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ होती, ती १८७२ मध्ये ६,४४,४०५ भरली. तेजीत आलेली माणसं आपापली बोचकी घेऊन परत गेली होती.

आता गंमत पाहा. मुंबईचं पहिलं भव्य हॉटेल म्हणून ज्याची आठवण काढली जाते ते वॉटसनचं एस्प्लनेड हॉटेल सुरू झालं १८७१ साली. म्हणजे मंदीनंतर! किल्ल्याचे तट पाडून एस्प्लनेडची जागा मोकळी झाली ती तेजीच्या काळात, आणि पाहुणे आले ते मंदीच्या राखेत. पाच मजली इमारत. तिचा लोखंडी सांगाडा इंग्लंडात ओतून जहाजाने आणलेला. आत १३० खोल्या. दिवाळखोर शहरात या खोल्या कोण भरणार होतं?

उत्तर समुद्रातून आणि रुळांवरून आलं. नोव्हेंबर १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला. मार्च १८७० मध्ये जबलपूरजवळ दोन रेल्वे कंपन्यांचे रूळ जुळले आणि मुंबई ते कलकत्ता सलग प्रवास होऊ लागला. युरोपातून येणाऱ्याला हिंदुस्थानचं पहिलं दार आता मुंबई झालं. फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्नने आपल्या नायकाला ऐंशी दिवसांत जगाची फेरी घडवली, तेव्हा त्यालाही मुंबईला उतरवून कलकत्त्याच्या गाडीत बसवलं. आणि कादंबरीबाहेरच्या जगात त्याच सुमारास, १८७२-७३ मध्ये, टॉमस कुक नावाचा इंग्रज आपल्या ग्राहकांची पहिली टोळी घेऊन जगाच्या फेरीवर निघाला होता. त्या फेरीत हिंदुस्थानही होता.

तेजीतला पाहुणा कापसाचा दलाल होता. मंदीनंतरचा पाहुणा बोटीतून उतरून रेल्वे पकडणारा प्रवासी होता. खोली तीच, पण माणूस दुसरा. मंदी येते तेव्हा हॉटेलवाले गेलेल्या गिऱ्हाइकाची वाट पाहत बसतात. तगतो तो, ज्याला पुढचा माणूस कुठल्या वाटेने येतोय हे दिसतं.

दुसरा मोठा घाव १८९६ सालचा. त्या वर्षाचे महिने ओळीने मांडले तर अंगावर काटा येतो. जानेवारीत अमेरिकी लेखक मार्क ट्वेन वॉटसन हॉटेलात येऊन राहिला. ७ जुलैला त्याच हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. हिंदुस्थानातला तो पहिला चित्रपटाचा खेळ. आणि सप्टेंबरमध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. पुढच्या काही महिन्यांत लाखोंनी माणसं मुंबई सोडून पळाली. १८९१ मध्ये ८,२१,७६४ असलेली वस्ती १९०१ मध्ये ७,७६,००६ वर आली. रोगापाठोपाठ व्यापारही बसला.

अशा शहरात जमशेटजी टाटांनी हॉटेल बांधायला घेतलं. त्यांच्या बहिणीने म्हणे विचारलं, पोलादाचा कारखाना काढतोस, विज्ञानाची संस्था काढतोस, आणि आता भटारखानाही काढणार? जमशेटजींनी ऐकलं नाही. सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी आराखडा केला. वैद्य मध्येच वारले आणि चेंबर्स नावाच्या इंग्रज वास्तुविशारदाने काम पुरं केलं. सामानसुमान आणायला जमशेटजी स्वतः युरोपात फिरले. १६ डिसेंबर १९०३ रोजी ताजमहाल हॉटेल उघडलं तेव्हा पहिले पाहुणे होते अवघे सतरा. १९०४ साली जमशेटजी गेले. हॉटेल पूर्ण भरलेलं त्यांनी पाहिलं नाही.

वॉटसनमध्ये गोऱ्यांखेरीज कुणाला प्रवेश नव्हता, तिथे जमशेटजींना दारातून परतवलं म्हणून त्यांनी ताज बांधलं, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. तिला पक्का पुरावा मिळत नाही आणि इतिहासकार तिच्याबद्दल शंका घेतात. तरी ती शंभर वर्षं टिकली. कारण दारातून परतवलं जाण्याचा अनुभव खोटा नव्हता. तो या देशात पुष्कळांच्या ओळखीचा होता.

आतापर्यंत मी वरच्या मजल्याबद्दल बोललो. मुंबईला येणाऱ्यांत बोटीच्या पहिल्या वर्गातून उतरणारे थोडेच. बाकीचा सगळा मुसाफिर रेल्वेच्या तिसऱ्या वर्गातून यायचा आणि धर्मशाळेत पथारी पसरायचा. त्याच्यासाठी भुलेश्वरच्या बाजूला धर्मशाळा होत्या. क्रॉफर्ड मार्केटजवळ हाजींचे मुसाफिरखाने होते. त्याच परिसरात सरदारगृह होतं. मराठी माणसाची मुंबईतली ती मानाची उतरण्याची जागा. लोकमान्यांनी १ ऑगस्ट १९२० रोजी देह ठेवला तो याच सरदारगृहात.

पुष्कळांना ठाऊक नसतं की ज्या टॉमस कुकच्या कंपनीने गोऱ्या प्रवाशांना जग दाखवलं, तिलाच सरकारने १८८६ साली मुंबईहून हजला जाणाऱ्यांच्या प्रवासाचं काम सोपवलं होतं. काही वर्षांनी ती व्यवस्था मोडली. १८९७ साली प्लेगमुळे मुंबईहून हजची जहाजं सोडणंच बंद झालं, तेव्हा मुसाफिरखान्यांतही सामसूम झाली असणार. पण साथ ओसरली तसा हाजी परत आला. मुंबईहून हजची बोट पुढे १९९५ पर्यंत सुटत राहिली.

माझे आजोबा-आजी १९७९ साली बोटीने हजला गेले. त्यांना पोचवायला आमचं अर्धं घर मुंबईला आलं होतं. मी नऊ वर्षांचा. मुसाफिरखान्याच्या व्हरांड्यात आम्ही आठ दिवस राहिलो. घरून आणलेल्या दशम्या, खालच्या नळाचं पाणी आणि रात्री अंगावर आजीची चादर. बोटीची तारीख पुढे ढकलली गेली, म्हणून चाचांनी आम्हा मुलांना राणीचा बाग दाखवला, गेटवे दाखवला आणि समोरच्या ताजकडे बोट दाखवून सांगितलं, ‘ते बाहेरूनच बघायचं असतं.’ आम्ही पर्यटन करतो आहोत हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. सरकारच्या कुठल्या आकड्यातही आम्ही धरले गेलो नसू.

हा मुसाफिर मंदीने फारसा हटत नाही. तो मौजेसाठी आलेला नसतो. त्याची कोर्टात तारीख असते, कुणाला बोटीवर पोचवायचं असतं, कुणाचं ऑपरेशन असतं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत परळच्या टाटा कॅन्सर रुग्णालयातले रुग्ण आणि त्यांची माणसं उतरतात. शेअर बाजार चढला काय, पडला काय, तिथली गर्दी कमी होत नाही.

आता आपल्या डोळ्यांदेखत घडलेल्या मंदीकडे येतो. २००३ नंतरची चारपाच वर्षं मुंबईतल्या मोठ्या हॉटेलांची दिवाळी होती. परदेशी कंपन्यांची माणसं येत होती, खोल्या अपुऱ्या पडत होत्या आणि दर आकाशाला भिडले होते. १५ सप्टेंबर २००८ रोजी न्यूयॉर्कमध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली. कंपन्यांनी पहिली कात्री लावली ती प्रवासाला. आणि दोन-अडीच महिन्यांतच २६ नोव्हेंबरची रात्र आली.

त्या रात्रीचं चित्र म्हणून जगाने ताजच्या घुमटातून निघणारा धूर पाहिला. पण त्या हल्ल्यात एका ठिकाणी सर्वांत जास्त माणसं मारली गेली ती तेव्हाच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर, लांबच्या गाडीची वाट पाहत सामानावर डोकं टेकून बसलेली माणसं. सगळ्या धर्मांची, सगळ्या प्रांतांची. या शहरातला सर्वांत मोठा मुसाफिरखाना तोच होता.

ट्रायडंट आणि ताजचा टॉवर २१ डिसेंबर २००८ रोजी, महिन्याच्या आत उघडले. ओबेरॉय उघडायला एप्रिल २०१० उजाडला आणि ताजची जुनी इमारत १५ ऑगस्ट २०१० ला उघडली. त्याच नोव्हेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा तिथे येऊन राहिले. दरम्यान आकडे काय सांगतात? २००८ मध्ये देशात ५२.८ लाख परदेशी पर्यटक आले, २००९ मध्ये ५१.७ लाख. म्हणजे घट झाली. २०१० मध्ये ते ५७.८ लाख झाले. पण याच काळात देशातल्या देशात होणाऱ्या पर्यटकांच्या फेऱ्या २००८ मध्ये ५६ कोटी होत्या, त्या २००९ मध्ये ६७ कोटींच्या आसपास गेल्या आणि २०१० मध्ये ७५ कोटींच्या घरात. लांबचा पाहुणा थबकला तेव्हा जवळचा पाहुणा घराबाहेर पडला होता.

मुंबईत ते दिसतही होतं. ३० जून २००९ रोजी वांद्रे-वरळी सागरी सेतूचं उद्घाटन झालं. त्यानंतर कित्येक महिने लातूर-सोलापूरकडून आलेल्या गाड्या त्या पुलावरून एक चक्कर मारायच्या आणि मग मंडळी हाजीअली, सिद्धिविनायक करून रात्री एखाद्या लॉजवर एका खोलीत सहाजण झोपायची. मोठ्या हॉटेलवाल्यांनाही हा माणूस दिसू लागला होता. ताज चालवणाऱ्या कंपनीने २००४ सालीच बंगळूरला स्वस्त हॉटेल काढून पाहिलं होतं. त्याची पुढे ‘जिंजर’ ही साखळी झाली. तिकडे सॅन फ्रान्सिस्कोत घरभाडं परवडेना म्हणून दोन तरुणांनी २००७ साली आपल्या खोलीत हवेच्या गाद्या टाकून पाहुणे ठेवले आणि २००८ च्या ऐन मंदीत त्याचा धंदा केला. तोच आजचा ‘एअरबीएनबी’. धर्मशाळेतल्या पथारीचीच ती नवी आवृत्ती म्हणायची, फक्त पैसे घेऊन.

त्या २००९ सालच्या जानेवारीत मी एका कविसंमेलनासाठी मुंबईला आलो होतो. रात्रीचे साडेनऊ. स्टेशनजवळच्या एका लॉजमध्ये शिरलो. काउंटरमागे भिंतीवर किल्ल्यांचा फळा होता आणि जवळजवळ सगळ्या खिळ्यांवर किल्ल्या लटकत होत्या. लॉज किती भरलंय हे कळायला आकडेवारी लागत नाही, हा फळा पाहिला की पुरे. मॅनेजरने हसून रजिस्टर पुढे केलं. मी नाव लिहिलं. त्याने ते वाचलं, रजिस्टर मिटलं आणि म्हणाला, ‘सॉरी, फुल आहे.’

मी किल्ल्यांकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं. मग तो टेबलावरची धूळ पुसू लागला. मी काही बोललो नाही. भांडायला हवं होतं, असं नंतर बरेच दिवस वाटत राहिलं.

दोन गल्ल्या सोडून दुसरा लॉज होता. तिथल्या म्हाताऱ्या मॅनेजरने ओळखपत्र मागितलं, त्याची झेरॉक्स काढायला मुलगा पिटाळला आणि म्हणाला, ‘पोलिसांचा नियम आहे, सगळ्यांचंच घेतो. वाईट वाटून घेऊ नका, साहेब.’ खोली त्याने निम्म्या दराने दिली, कारण अख्खा मजला रिकामा होता. पाण्याचा तांब्या घेऊन आलेला पोऱ्या चिपळूणकडचा. त्याने सांगितलं, आधी ते अकराजण होते, आता चारजण उरलेत. ‘आणि तुझा पगार?’ म्हटलं. म्हणाला, ‘पगाराचं काही नाही. टीप देणारा माणूस येत नाही.’

मंदीचं हेही एक गणित आहे, आणि ते अहवालांत सापडत नाही. मोठ्या हॉटेलच्या खोलीचा दर उतरला तर त्याचा तक्ता निघतो. पण तांब्या भरणारा पोऱ्या गावी परतला की त्याची नोंद कुठेच होत नाही. आणि मला त्या रात्री कळलं ते असं की खोली रिकामी असणं आणि दार उघडं असणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. धंदा बसलेला असूनही तो मॅनेजर गिऱ्हाईक परत पाठवू शकत होता. भीती नफ्यापेक्षाही मोठी असते, असं कदाचित असेल. पण तशीच भीती दुसऱ्या मॅनेजरलाही होतीच की! त्याच्या लॉजपासूनही स्टेशन तेवढंच लांब होतं.

त्यानंतरची मोठी पडझड २०२० ची. मार्चमध्ये विमानं थांबली, गाड्या थांबल्या, आणि आलिशान हॉटेलांच्या खोल्यांत डॉक्टर, परिचारिका आणि विलगीकरणातले प्रवासी राहिले. पहिल्या महायुद्धात ताजमध्ये सहाशे खाटांचं रुग्णालय झालं होतं, त्याची आठवण व्हावी असा तो काळ. २०१९ मध्ये देशात १ कोटी ९ लाख परदेशी पर्यटक आले होते, २०२० मध्ये ते २७ लाखांवर आले. २०२३ मध्येही आकडा ९५ लाखांपर्यंतच पोचला होता. आणि देशांतर्गत फेऱ्या? २०१९ मध्ये २३२ कोटी, २०२३ मध्ये २५० कोटी. पुन्हा तेच उत्तर. लांबून येणारा, जाड पाकिटाचा पाहुणा सगळ्यात आधी जातो आणि सगळ्यात शेवटी परततो. मधला काळ शहराला सांभाळतो तो जवळचा, मोजून खर्च करणारा माणूस.

असं असूनही शहरं सजतात ती पहिल्यासाठी. त्याच्यासाठी रोषणाई, त्याच्यासाठी महोत्सव. दुसऱ्याला स्टेशनबाहेर स्वच्छ स्वच्छतागृह मिळालं, परवडेल अशी खोली मिळाली आणि रजिस्टरमधलं नाव वाचून कुणी वही मिटली नाही, तर तो मंदीतही येत राहील. त्याच्या येण्यावर पोऱ्याचं पोट आहे, झेरॉक्सवाल्याचं आहे, टॅक्सीवाल्याचं आहे.

वॉटसन हॉटेलची इमारत काळा घोड्याजवळ अजून उभी आहे. एस्प्लनेड मॅन्शन म्हणतात तिला. २००५ साली तिचा काही भाग कोसळला. ज्यांच्यासाठी ती बांधली तो पाहुणा बदलला आणि इमारत बदलली नाही. ताज मात्र प्लेगमधून निघालं, महायुद्धातून निघालं, आगीतून निघालं.

गेल्या खेपेला मुंबईला आलो तेव्हा त्या म्हाताऱ्या मॅनेजरच्या लॉजवरच उतरलो. आता काउंटरवर त्याचा मुलगा बसतो. किल्ल्यांचा फळा गेला, खोली मोबाइलवर आधीच ठरवता येते. मी नाव सांगितलं. त्याने संगणकावर पाहिलं आणि म्हणाला, ‘फक्त वरच्या मजल्यावर एक खोली आहे, काका. लिफ्ट नाही. चालेल ना?’

चालेल म्हटलं आणि पिशवी उचलली.

(रेडिओवरील भाषणावरून संपादित)